मीठ, साखर आणि पाणी

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला लागलात. पाटीवरची अक्षरे संपली, पुस्तकातले धडे चालू झाले. आता काही जण मला विचारतात, "गुरुजी, वर्तमानपत्र वाचावं म्हणतो. पण त्यात आमच्या कामाचं काय असतं?"

प्रश्न चांगला आहे. वर्तमानपत्रात निवडणुका असतात, भांडणे असतात, खून असतात, क्रिकेट असते. कांद्याचा भाव असतो, तो आपण आधी बघतो. बाकीचे वाचले तरी चालते, नाही वाचले तरी चालते, असे वाटते. पण कधी कधी कोपऱ्यात एखादी बातमी अशी असते, की ती आपल्या चुलीपर्यंत येऊन पोचते. आज अशाच एका बातमीबद्दल मी बोलणार आहे.

२०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात कोलकात्याला एक म्हातारे डॉक्टर वारले. त्यांचे नाव दिलीप महालनबीस. वय ८७ वर्षांचे. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा मोठा किताब दिला.

या डॉक्टरांनी काय केले होते? पाण्यात मीठ, साखर आणि थोडा सोडा घालून ते पाणी रोग्यांना पाजले होते.

तुम्ही म्हणाल, "एवढंच? हे तर आमची म्हातारीसुद्धा करील!"

होय. तेच तर मला सांगायचे आहे. म्हातारीलासुद्धा करता येईल असे औषध आहे, म्हणूनच त्याची किंमत मोठी.

माणूस कशाने दगावतो?

पूर्वी पटकीची साथ आली की गावे ओस पडत. पंढरीच्या वारीतही पटकी शिरत असे. लोक शेतात जाऊन राहत. मरीआईचा गाडा ओढत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. त्या लोकांना आपण हसू नये. घरातले माणूस सकाळी चांगले असते आणि संध्याकाळी जाते, तेव्हा हातात जे असेल ते माणूस करतो.

पण ते माणूस कशाने जाते, हे आता आपल्याला कळले आहे. पटकी असो की साधे जुलाब असोत, माणूस बहुतेक वेळा दगावतो तो अंगातले पाणी गेल्याने.

आपले शरीर म्हणजे हाडामांसाचे गाठोडे, असे आपण समजतो. पण मोठ्या माणसाच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असते. तान्ह्या बाळाच्या अंगात तर जवळजवळ पाऊण हिस्सा पाणी. जुलाब लागले की हे पाणी वाहून जाते. त्याबरोबर अंगातले मीठही जाते. मोठ्या माणसाचा हंडा मोठा, तो थोडा वेळ पुरतो. लेकराचा तांब्या लहान. तो लवकर रिकामा होतो. म्हणून जुलाबाने लहान मुले जास्त दगावतात.

आता एक गोष्ट पाहा. आपल्याकडे पुष्कळ घरांत काय सांगतात? "पोराला पाणी देऊ नका. पाणी दिलं की आणखी जुलाब होतील." खायला बंद, प्यायला बंद. काही जणी तर अंगावर पाजणेही थांबवतात.

मडक्याला भोक पडले आहे. पाणी गळते आहे. वरून पाणी घालायचे बंद केले म्हणून भोक बुजते का? बुजत नाही. मडके मात्र रिकामे होते. भोक बुजायला दोन-चार दिवस लागणारच. तोवर मडके भरते ठेवणे एवढेच आपले काम आहे.

आमच्या शेजारी एक आजी राहत असत. त्यांना सात मुले झाली, चार जगली. मी एकदा विचारले, "आजी, तिघं कशानं गेली?" आजी म्हणाल्या, "हगवणीनं." मग बराच वेळ गप्प बसल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "धाकटा लई पाणी मागत हुता रं. समद्यांनी सांगितलं, देऊ नको. म्या दिलं न्हाई."

यात आजींचा काय दोष? त्यांनी तर लेकराच्या भल्यासाठीच मन घट्ट केले होते. शहाणपणाची गोष्ट त्यांच्या दारापर्यंत आलीच नव्हती. पण आज ती आपल्या दारात आली आहे. आता दार बंद ठेवले, तर दोष आपला.

बैलजोडीची युक्ती

तुम्ही विचाराल, "मग नुसतं पाणी पाजलं तर?"

नुसते पाणी काही न देण्यापेक्षा बरे. पण जुलाबात आतडे आजारी असते. नुसते पाणी ते पुरेसे ओढून घेत नाही. नुसते मीठही नीट आत जात नाही. पण मिठाच्या जोडीला साखर असली, की दोन्ही मिळून आतड्यातून रक्तात शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते.

मीठ आणि साखर ही बैलजोडी समजा, आणि पाणी ही गाडी. एका बैलाने गाडी चढ चढत नाही. जू दोघांच्या मानेवर पाहिजे. जोडीही सारखी पाहिजे. साखर फार झाली तर उलटेच होते. जास्तीची साखर अंगातलेच पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर तेही लेकराला घातक. म्हणून माप सांभाळायचे.

ही गोष्ट एकट्या महालनबीसांनी शोधली असे नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत ढाका आणि कोलकाता या दोन शहरांत अनेक डॉक्टर यावर काम करीत होते. दवाखान्यात, थोड्या रोग्यांवर, ते हा उपाय करून पाहत होते. पण दवाखान्याबाहेर, गर्दीत, चिखलात, अडाणी माणसांच्या हातून हे साधेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

बनगावची गोष्ट

मग १९७१ साल आले. आज ज्याला बांगलादेश म्हणतात तिथे तेव्हा युद्ध पेटले. जीव वाचवण्यासाठी सुमारे एक कोट माणसे सरहद्द ओलांडून भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये सरहद्दीजवळ बनगाव नावाचे गाव आहे. तिथे निर्वासितांची दाटी झाली. पावसाळा लागला. पाणी घाण झाले. छावण्यांत पटकी पसरली.

जून महिन्यात डॉक्टर महालनबीस तिथे गेले. दवाखान्याच्या खोल्या रोग्यांनी भरलेल्या होत्या. खाटा संपल्या, म्हणून रोगी जमिनीवर निजलेले. जमिनीवर घाणच घाण. रोग्याजवळ जायचे तर त्या घाणीत गुडघे टेकावे लागत.

त्या वेळी पटकीवर एकच इलाज मानला जाई. शिरेत सुई घालून सलाईन चढवायचे. पण सलाईनच्या बाटल्या किती पुरणार? त्या संपत आल्या. सुई लावणारी शिकलेली माणसेही मोजकी होती. समोर माणसे मरत होती.

तेव्हा या डॉक्टरांनी ठरवले, की तोंडाने पाजायचे. कोलकात्यात त्यांच्या सोबत्यांनी मीठ, ग्लुकोज म्हणजे एक प्रकारची साखर, आणि खायचा सोडा मोजून घेतला. पिशव्या भरल्या. गरम इस्त्री फिरवून त्या पिशव्यांची तोंडे बंद केली. त्या पिशव्या बनगावला नेल्या आणि मोठ्या पिंपांत पाणी भरून त्यात कालवल्या. एक लिटर पाण्याला सामानाचा खर्च आला ११ पैसे.

पाजायचे कोणी? डॉक्टर किती जणांना पाजणार? रोग्याची आई, बहीण, नवरा, शेजारी, जो जवळ असेल त्याच्या हातात पेला दिला. "घोट घोट पाजत राहा," असे सांगितले.

लोक आधी बिचकले. त्यांना सुईचे सलाईन हवे होते. मग त्यांना सांगितले, "हे सलाईनच आहे. फक्त तोंडाने घ्यायचं." मग लोकांनी घेतले.

दोन महिन्यांत तीन हजारांहून जास्त रोग्यांवर असे उपचार झाले. पूर्वी अशा छावण्यांत पटकीच्या १०० रोग्यांमागे २० ते ३० मरत होते. इथे ते प्रमाण १०० मागे तीन-चारांवर आले.

मंडळी, यात मला जी गोष्ट मोठी वाटते, ती अशी. त्या डॉक्टरांनी औषध तर दिलेच, पण त्याबरोबर विश्वासही टाकला. घाबरलेल्या, थकलेल्या, परमुलखात आलेल्या आईवर विश्वास टाकला, की ही आपल्या लेकराला नीट पाजील. आणि तिने पाजले. शिकलेल्या माणसाने अडाणी माणसावर असा विश्वास टाकणे ही साधी गोष्ट नव्हे.

चिमूट आणि मूठ

पुढे बांगलादेश स्वतंत्र झाला. तिथे ब्रॅक नावाची एक संस्था आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या बाया खेडोपाडी घरोघर गेल्या. प्रत्येक घरी आईशेजारी बसून शिकवायचे. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. बघून चालणार नाही, आईने स्वतः करून दाखवायचे. अशा एक कोटीहून जास्त घरांत त्या गेल्या.

त्यांचा पगार कसा ठरत असे माहीत आहे? किती घरे फिरल्या यावर नव्हे. महिन्याभराने दुसरे कोणी त्याच घरी जाई आणि आईला विचारी, "बाई, काय शिकलीस?" आईला नीट सांगता आले तर शिकवणारीला पैसे. नाही आले तर नाहीत. आम्हा मास्तर लोकांना हा नियम लावला तर कसे होईल, असा विचार माझ्या मनात येऊन जातो!

त्यांनाही अडचणी आल्या. आया शिकल्या, पण घरात करीनात. का? तर नवऱ्याला ठाऊक नव्हते. तो म्हणे, "मीठ-गूळ कसला पाजतेस? औषध आण." मग बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांनाही बसवून सांगितले. तेव्हा गोष्ट पुढे सरकली.

म्हणून आज इथे बसलेल्या दादा-काकांना मी सांगतो. ही बायकांची गोष्ट नव्हे. मूल दोघांचे आहे.

सुईचा मोह

आपल्याकडे काय चालते? पोराला जुलाब झाले, की आधी विचारतो, "डॉक्टर, बाटली लावता का?" सुई टोचली, बाटली लटकली, की जिवाला बरे वाटते. दोन पैसे गेले की औषध लागू पडले असे वाटते. फुकट सांगितलेले मनावर बसत नाही.

सलाईन वाईट नाही. पाणी फार गेले असेल, पोर ग्लानीत असेल, पिणे जमत नसेल, तर सलाईन लागतेच. तिथे हयगय करू नये. पण पोर पीत असेल तर तेच काम तोंडाने होते. त्यासाठी दागिना गहाण टाकायची गरज नाही.

मला पुष्कळदा वाटते, की देवाने फार मोठ्या गोष्टी फार स्वस्त ठेवल्या आहेत. हवा फुकट, ऊन फुकट, झोप फुकट. आणि आपण मात्र भाव बघून वस्तूची किंमत ठरवतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपली ज्वारी स्वस्त विकली जाते, म्हणून ती काय हलकी असते?

आणखी एक बातमी

आता एक नवी बातमी ऐका. दुकानात रंगीत खोक्यांत गोड पाणी मिळते. त्यातल्या काही पेयांच्या नावात ओआरएस अशी अक्षरे मोठी छापलेली असत. ओआरएस म्हणजे आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो तेच. लोकांना वाटे, हे औषध आहे. पण त्यात साखर कितीतरी पट जास्त. जुलाबाच्या पोराला ते पाजले तर अपाय. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षे झगडा केला. शेवटी २०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हुकूम काढला, की अशा पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरे वापरायची नाहीत.

बघा, नुसत्या तीन अक्षरांचा खेळ! ज्याला वाचता येत नाही तो चित्र बघून घेतो. ज्याला थोडे वाचता येते तो मोठी अक्षरे वाचून घेतो. ज्याला नीट वाचता येते तो बारीक अक्षरेही वाचतो. आपल्याला तिथवर जायचे आहे.

आता माप ध्यानात ठेवा

जलसंजीवनीची पुडी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळते. पुडीवर वाचा. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. छोटी पुडी २०० मिलिलिटरसाठी असते. जेवढे लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी टाका. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नका.

पुडी नसेल तर घरी करा. उकळून गार केलेले पाणी एक लिटर. चहाच्या चमच्याने साखर सहा चमचे. मीठ अर्धा चमचा. चमचा सपाट भरायचा, शीग लावायची नाही. ढवळा आणि चाखून बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर फेकून द्या, दुसरे करा. केलेले पाणी झाकून ठेवा. २४ तासांनी उरले तर ओता आणि ताजे करा.

दर जुलाबानंतर पाजायचे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाला पाहिजे तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा. मग चमच्या-चमच्याने पुन्हा चालू करा.

अंगावर पाजणे बंद करू नका. मऊ भात, वरण, केळे खाऊ द्या. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि त्या १४ दिवस द्या. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी गोळ्या पुऱ्या करा. सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर अंगावर पाजत राहा आणि त्याला लवकर दवाखान्यात दाखवा.

आणि या खुणा दिसल्या तर घरी थांबू नका:

डोळे खोल गेले.
पोर सुस्त पडले, हाक मारली तरी बघत नाही.
पिणे जमत नाही, किंवा सगळे उलटून पडते.
लघवी झालेली नाही.
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते.
शौचात रक्त पडते.

यातले एक जरी दिसले तरी लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. १०८ नंबरला फोन केला तर गाडी येते. वाटेतही पोर पीत असेल तर घोट घोट पाजत राहा.

जुलाब होऊच नयेत म्हणून काय करायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. शौचाहून आल्यावर आणि पोराला भरवण्याआधी साबणाने हात धुवा. पिण्याचे पाणी झाकून ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या. बाळाला रोटाव्हायरसची लस वेळेवर पाजून आणा. तीही सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

शेवटचे सांगणे

मंडळी, आपण इथे अक्षरे शिकतो ती कशासाठी? सही करायला? सही तर हवीच. एसटीची पाटी वाचायला? तेही हवे. पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट आहे. एका माणसाला कळलेले दुसऱ्या माणसापर्यंत, एका गावातले दुसऱ्या गावापर्यंत पोचवण्याचा रस्ता म्हणजे अक्षर. बनगावच्या छावणीत जे कळले ते आज या कागदावरून तुमच्यापर्यंत आले. मधे पन्नासहून जास्त वर्षे गेली आणि शेकडो कोस आले. तरी ते आले.

आता पुढचा रस्ता तुमचा. हा धडा घरी घेऊन जा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. सासूबाईंना दाखवा, मालकांना दाखवा, शेजारणीला दाखवा. कोणी म्हणेल, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." त्यांच्याशी वाद घालू नका. चमचा, मीठ, साखर पुढे ठेवा आणि एकदा करून दाखवा.

पुढच्या शनिवारी वर्गाला येताना प्रत्येकाने घरून एक चमचा आणावा. आपण सगळे मिळून माप करून बघू. कोणाचा चमचा मोठा, कोणाचा लहान, तेही कळेल. मीठ-साखर मी आणतो.

नमस्कार.